चारठाण्याजवळचा ‘हेमाडपंती वाडा’: निघण्याआधी हे वाचा

‘आठशे वर्षांचा हेमाडपंती वाडा आहे, बघाच’ असं सांगून आम्हाला पाठवलं होतं. तो वाडा नाही, हेमाडपंती तर मुळीच नाही. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, शेतकऱ्याचं घर आहे, भिंतीत देवळाचे दगड बसवलेलं. तरीही जा. पण पाऊस झाल्यावर नको.

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातलं चारठाणा, तिथली गोकुळेश्वराची बारव (पायऱ्यांची विहीर) आणि उंच स्तंभ एका सकाळीत आरामात होतात. त्रास पुढे आहे. गाव सुटलं की पांद, म्हणजे शेतातली कच्ची वाट, लागते, आणि ओली काळी माती बुटाला अशी धरते की थोडं चाललं की काडीने खरवडत बसायचं. चपला घालून येऊच नका. त्यात जीपवाल्याने ‘घरापर्यंत सोडतो’ म्हणून सातशे रुपये आधीच घेतले आणि पांदीच्या तोंडाशी उतरवलं. वर म्हणतो, ‘इथून जवळच हाय.’ जवळ कसलं!

घरी पोचल्यावर आधी दारालगतची भिंत बघा. यादवकाळातल्या हेमाडपंती देवळांचे चिरे खाच आणि कूस (खाचेत बसणारा उंचवटा) एकमेकांत अडकवून, चुन्याशिवाय बसवलेले असतात. इथे खाचा आहेत, पण त्यांत काहीच अडकलेलं नाही, सांधे चिखलाने भरलेत. म्हणजे दगड पडक्या देवळाचे, घर बरंच नंतरचं. एक कीर्तिमुख, म्हणजे देवळावर कोरतात तो उग्र चेहरा, तर चक्क उलटं आहे. गवंड्याने बैठक बघितली, तोंड नाही.

ओट्याची पायरी म्हणजे आडवी टाकलेली वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड. एका टोकाची लढाई ये-जा होऊन पार झिजली आहे. दुसऱ्या टोकाला शिवलिंगाची पूजा करणारा वीर रांजणाआड राहिल्यामुळे शाबूत. तिथेच आज्जी तांब्या घासत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, ‘आमच्या सासऱ्याच्या आधीपासून हाय ते.’

माळवदावर चला म्हणून आग्रह होईल. चढू नका. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं ओझं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीत असलीच घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. इथली एक तुळई वाकून टेकूवर आली आहे.

कोरीव काम ठळक दिसावं म्हणून दगडाला खडू किंवा तेल लावू नका, दुपार कलल्यावरचं तिरपं ऊन पुरतं. घर राहतं आहे, हाक मारून, विचारूनच आत जा. नुसते फोटोच हवे असतील तर चारठाण्यातूनच परत फिरा. आणि जीपचे तीनशे पुष्कळ झाले, तेही परत आल्यावर द्या.