पार्सलातलं कटलेट

बाबा पुण्यात लष्कराच्या सदर्न कमांडच्या ऑफिसात क्लार्क होते. पगाराच्या संध्याकाळी ते कॅम्पातल्या एका परमिट रूममध्ये बसायचे, दोन पेग रम घ्यायचे आणि घरी येताना आईसाठी मटण कटलेटचं पार्सल आणायचे. सायकल कसब्यात पोचेपर्यंत कागद तेलाने पारदर्शक झालेला असायचा. आई ते तव्यावर गरम करून खायची. १९७४ ते २००२, अठ्ठावीस वर्षं हे चाललं. ती जागा मात्र तिने कधी पाहिली नाही. बाबांनी नेलं नाही आणि तिनेही कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात ट्रंक आवरताना बाबांचा मद्यपानाचा परवाना सापडला. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, त्यामुळे पिणाऱ्याकडे परवाना लागतोच. परमिट रूम हे नावही त्यातूनच आलं. कायद्याच्या भाषेत हा परवाना असतो आरोग्य राखण्यासाठी. आईने चष्मा लावून तो कागद शेवटपर्यंत वाचला.

"आरोग्यासाठी होय? मग मलाही घेऊन चल."

ती ७८ वर्षांची आहे. रविवारी रिक्षा केली. क्वार्टर गेटवरून पुढे जाताना ती म्हणाली, "लग्नानंतर लष्करात मी चारदाच आले असेन. तेही लाल देवळापर्यंत." तिच्या पिढीला कॅम्प म्हणजे अजून लष्करच.

आत गेल्यावर वेटरने सवयीने मागच्या फॅमिली रूमकडे हात केला. तिथे खिडकी नाही, एक पडदा आहे आणि एक ट्यूबलाइट. आई दारातच थांबली. "आरशाखालचं टेबल कुठलं?" बाबा घरी सांगायचे म्हणे, की त्या टेबलाशी बसलं की पाठ रस्त्याकडे असूनही सगळा रस्ता आरशात दिसतो. टेबल होतं. संगमरवरी, कोपऱ्यात पिवळं पडलेलं. बाजूला दोन म्हातारे बिअर आणि काकडी घेऊन बसले होते. त्यांनी एकदा बघितलं आणि खुर्ची थोडी सरकवून वाट दिली. मला ते फार बरं वाटलं.

आईने लिंबू सोडा मागवला, मी एक छोटा पेग. चकण्याला खारे शेंगदाणे आले. मग कटलेट आलं आणि ती बघतच राहिली.

कटलेटच्या चारी बाजूंनी सोनेरी जाळी होती. पारशी पद्धतीत खिम्याची वडी आधी ब्रेडच्या चुऱ्यात घोळवतात आणि मग फेटलेल्या अंड्यात बुडवून थेट गरम तेलात सोडतात. आपण घरी नेमकं उलटं करतो. अंडं शेवटी असल्यामुळे ते तेलात फेसाळून पसरतं, त्याचीच ही जाळी. ती दहा मिनिटंच कुरकुरीत राहते. कागदात बांधलं की वाफ धरते आणि वडीला चिकटून ओल्या पापुद्र्यासारखी होते. आईच्या वाट्याला अठ्ठावीस वर्षं तो पापुद्राच आला होता. तव्यावर टाकण्याआधी ती तो सोलून काढायची, असं तिने आत्ता सांगितलं. जाळीचा एक तुकडा मोडून तिने तोंडात टाकला आणि आरशाकडे बघत बसली.

"ते म्हणायचे, तिथेच बसून खायला हवं," ती म्हणाली. "मला वाटायचं, उशीर झाला म्हणून सांगतायत."

मी धनसाक घेतलं. कांदा लालभडक परतून केलेला तपकिरी भात, मटण घातलेली दाट डाळ, कचुंबर. पारशी घरांत ते रविवारी होतं, शुभकार्याला कधीच नाही, कारण मयतानंतर चौथ्या दिवशी तेच रांधतात. हे आईला सांगितलं तेव्हा तिने चमचाभर माझ्या ताटातून घेतलं.

दीड तास झाला. कोणी बिल आणून ठेवलं नाही की टेबलाभोवती घुटमळलं नाही. मागच्या महिन्यात एका नव्या, झगमगीत बारमध्ये जेवण संपायच्या आत आम्हाला उठायला सांगितलं होतं. तो राग अजून गेलेला नाही. इथे पंखा संथ फिरत होता आणि शेजारचे म्हातारे दुसरी बाटली उघडत होते.

दुसरं कटलेट अर्धं उरलं होतं. वेटर आला. "आजी, पार्सल करू?"

"नको," आई म्हणाली. "थांबा, इथेच खाते."