नटाखालचा वॉशर मंजूर करून घेताना: माझा अनुभव

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आम्ही प्रेशर व्हेसल (दाबाखाली चालणाऱ्या टाक्या) आणि हीट एक्स्चेंजर (उष्णता बदलणारी यंत्रे) बनवतो. एका एक्स्चेंजरच्या चॅनल फ्लँजवर (टोकाचा भाग जोडणाऱ्या बोल्ट लावलेल्या कड्यावर) नटाखाली हार्डन केलेले वॉशर घालू द्यावेत, एवढीच आमची विनंती होती. डिझाइन, वेल्डिंग, रेडिओग्राफी सगळे वेळेत पार पडले. अडले ते ग्राहकाने नेमलेल्या सल्लागाराच्या कार्यालयात, आणि तेही जेमतेम चार मिलिमीटर जाडीच्या चकतीवर.

विनंतीमागे कारण होते. आधीच्या एका कामात स्टड (आटे असलेले दांडे) घट्ट करताना नट करकरत, झटके देत फिरत होते, आणि उघडून पाहिले तर फ्लँजच्या पाठीवर प्रत्येक नटाखाली खरवडलेले चकचकीत कडे उमटले होते. एसए-१०५ या कार्बन स्टीलचा फ्लँज २एच ग्रेडच्या नटापेक्षा मऊ असतो. टॉर्क रेंचने दिलेल्या जोरापैकी जवळपास निम्मा नटाच्या बैठकीखालच्या घर्षणातच खर्च होतो आणि स्टड ताणायला साधारण दहावा हिस्सा उरतो. त्यामुळे बैठक खडबडीत झाली की रेंचवर आकडा तोच दिसतो, पण स्टडमधला ताण जागोजागी वेगळा असतो आणि गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी चकती) एका बाजूने कमी दाबली जाते.

सल्लागाराचा शेरा मात्र ठरलेला होता: ‘कोडमध्ये सक्ती नाही, वगळावे.’ एएसएमई सेक्शन ८ मध्ये, म्हणजे प्रेशर व्हेसलच्या अमेरिकन कोडमध्ये, वॉशर ऐच्छिक आहेत, हे खरेच आहे. पण ऐच्छिक म्हणजे वर्ज्य नव्हे, आणि वापरल्यास ते रॉट (ओतीव नव्हे, तर घडवलेल्या किंवा लाटलेल्या) मटेरियलचे असावेत, असे त्याच कोडमध्ये पुढे लिहिले आहे. आम्ही पीसीसी-१ चे (फ्लँजचे सांधे जुळवण्याच्या एएसएमई मार्गदर्शिकेचे) वॉशरविषयीचे परिशिष्ट जोडले, तर ‘ही मार्गदर्शिका आहे, कोड नव्हे’ असे उत्तर आले. डिझाइन विभाग म्हणे हा मटेरियलचा प्रश्न आहे, तपासणी विभाग म्हणे ड्रॉइंगचा. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलत राहिली आणि शेरा शब्दशः तोच येत राहिला. हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने करायच्या चाचणीची) तारीख तोंडावर आली असताना एका ओळीच्या उत्तरासाठी फोन करत राहण्याचा संताप अजूनही ओसरलेला नाही, कारण तांत्रिक आक्षेप त्यांच्यापैकी एकानेही घेतला नव्हता.

अखेर आम्ही परवानगी विचारणेच सोडले. वॉशरचे मटेरियल, ३८ ते ४५ रॉकवेल सी (कठिणतेची मोजपट्टी) कठिणता, मापे, वापराचे तापमान आणि स्टडची नवी लांबी एकाच ड्रॉइंगवर मांडून ते थेट मालक कंपनीच्या इंजिनिअरकडे पाठवले. त्यांनी स्पॉटफेसचा (नट बसण्यासाठी फ्लँजवर सपाट केलेल्या गोल जागेचा) व्यास तेवढा विचारला आणि सही केली. तो प्रश्न रास्त होता: एफ४३६ या प्रचलित मानकाचा हार्डन वॉशर स्पॉटफेसपेक्षा मोठा निघाला तर त्याची कड वर चढते आणि तो तिरका बसतो, पीसीसी-१ मधल्या वॉशरचा बाहेरचा व्यास हे ध्यानात घेऊनच बेतलेला आहे.

स्टडची लांबी मात्र ऑर्डर देण्याआधीच वाढवून घ्यावी, नाहीतर नटाचे आटे पुरते भरत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला मऊ वॉशर अजिबात चालत नाही. तो दाबाखाली वाटीसारखा वाकतो आणि ताण सुटतो. ज्या बाजूचा नट फिरवायचा त्या बाजूला वॉशर पुरतो, आणि ग्रीस आट्यांइतकेच नटाच्या बैठकीलाही लावावे लागते.