पत्र्याच्या खोलीत माईक कुठे लावायचा

नाशिककडच्या कुणाच्या आयुष्यावर माहितीपट करायचा म्हटलं की आधी ड्रोनची चौकशी सुरू होते. गंगापूर धरण वरून, द्राक्षबागा वरून, गोदाघाट वरून. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, ओझरला एचएएलचा विमान कारखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, त्यामुळे ड्रोन उडवण्यावर इथे बरेच निर्बंध आहेत. एका अर्थी बरंच आहे. पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या बागांत कामाला येणाऱ्या बाईचं जगणं आकाशातून दिसत नाही. ते दिसतं तिच्या पत्र्याच्या खोलीत, तिच्या बोलण्यात. आणि नेमकं तेच नीट रेकॉर्ड होत नाही.

पत्र्याची खोली म्हणजे आवाजाचा डबा. टाळी वाजवून बघा, घुमते ती ऐकू येईल. दोन-तीन गोधड्या मागून घ्या आणि बोलणाऱ्याच्या तोंडासमोरच्या भिंतीवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे, टांगा. बोलणाऱ्याच्या पाठीमागे लावल्या तर फायदा कमी, शिवाय फ्रेममध्ये दिसतात. खाली सतरंजी. पावसात पत्र्याखाली मुलाखत घेऊच नका. ऊन उतरतानाही पत्रा निवत असतो आणि टकटक वाजतो, तेव्हा सकाळची वेळ बरी. पंखा बंद, फ्रिज असेल तर तोही बंद. आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय निघताच येत नाही. दुसऱ्याचं दूध नासवून सामाजिक विषयावर फिल्म करू नये.

कॉलर माईक हनुवटीखाली साधारण वीतभर. पदराला लावला तर पदर सरकला की खरखर येते, मंगळसूत्राजवळ लावला तर मणी टकटक करतात. ब्लाउजच्या काठाला लावा, वायरचा छोटा वळसा करून आतून सर्जिकल टेपने चिकटवा. हे काम टीममधल्या बाईनेच करायचं. बांगड्या वाजतात म्हणून त्या काढायला सांगू नका. सवाष्ण बाईला ते सांगणं म्हणजे मुलाखत तिथेच संपली. मांडीवर घडी केलेला टॉवेल ठेवा, हात त्यावर टेकतात आणि किणकिण बरीच कमी होते. रेकॉर्डरच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास, आणि रेकॉर्डरला सोय असेल तर दुसरा ट्रॅक १० डेसिबलने खाली. माणूस हसतो, रडतो, चिडतो, तेव्हा पहिला ट्रॅक फाटतो.

मुलाखत संपल्यावर सगळ्यांनी जागेवरच बसून एक मिनिट खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. हे हमखास राहतं. मग एडिटमध्ये दोन वाक्यं जोडली की मधली हवा बदललेली कानाला कळते, आणि ती झाकायला गाणं टाकावं लागतं. आपल्याकडच्या निम्म्या माहितीपटांतली बासरी याच कारणाने येते, असा माझा संशय आहे.

चित्राचं थोडक्यात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद. मोबाईल ३० फ्रेमवर राहिला तर ट्यूबलाइटखाली पट्टे फिरू शकतात. मोबाईलचा फ्रेम रेट कमी-जास्तही होतो, मग तासाभराच्या मुलाखतीत ओठ आणि आवाज वेगळे पडतात. सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक, म्हणजे किती सरकलंय ते तरी कळतं.

‘तुम्हाला वाईट वाटलं का?’ याचं उत्तर ‘हो’ एवढंच येतं. ‘त्या दिवशी सकाळी उठल्यापासून सांगा’ असं विचारा. बोलणं थांबलं की मनात पाचपर्यंत मोजा, पुढचा प्रश्न टाकू नका. कामाचं बोलणं पुष्कळदा त्या पाचानंतर येतं. नवरा किंवा मुकादम दारात उभा असेल तर बाई त्याच्याकडे बघून बोलते. त्याची वेगळी मुलाखत ठरवा आणि टीममधल्या एकाने त्याच वेळी त्याला बागेत न्यावं. कोकणा बोलीत बोलणाऱ्याला प्रमाण मराठीत ओढू नका, सबटायटल कशासाठी असतात? मुलाखत ऐकून शब्दशः उतरवताना त्याच बोलीचा माणूस शेजारी हवा. एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास धरून चला.

फेब्रुवारीत चार दिवस जाऊन परत आलात तर क्रेटमधली द्राक्षं तेवढी मिळतील. एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळ छाटणी, मग विरळणी, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं, काढणी, आणि पावसाळ्यात भात-नागलीच्या लावणीला गावी परतणं, हे सगळं धरून निदान चार फेऱ्या. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला कथापट काढण्याआधी, १९१२ मध्ये, वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं करून टिपलं होतं. तेवढा धीर मजुराच्या वर्षालाही द्यायला हरकत नाही.

सेकंदाला १०० मेगाबिटवर ४के चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी भरतात. त्याच संध्याकाळी दोन हार्ड डिस्कवर कॉपी, दोन वेगळ्या पिशव्यांत. कॉपीतल्या क्लिप उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

संमतीचा कागद मराठीत असावा आणि मोठ्याने वाचून दाखवावा: फिल्म कुठे दाखवणार, यूट्यूबवर जाणार का, नको वाटलं तर कोणत्या तारखेपर्यंत सांगायचं. बाई मुकादमाच्या उचलीबद्दल, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांबद्दल, बोलली तर पुढच्या हंगामात तिला काम मिळेल का, हे आपण आधी विचारायचं. बोलण्याचे पैसे देऊ नयेत, पण तिचा रोज बुडाला असेल तर तो भरून द्यावा. ओळख लपवायची तर चेहरा धूसर करून भागत नाही. गोंदण, बांगड्या, मागचं दार, बोली, सगळं गावाला ओळखू येतं. आवाज जाड-बारीक केला तर तो उलटवता येतो, त्यामुळे तेच शब्द दुसऱ्याकडून बोलून घ्या. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करायला तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ नेच मनाई आहे.

कच्चा कट तयार झाला की तो घेऊन तिच्या घरी जा. लॅपटॉपचा आवाज पत्र्याखाली पुरत नाही, छोटा स्पीकर बरोबर ठेवा. पहिल्यांदा तिला एकटीला दाखवा, मग घरच्यांना. ‘एवढं काढा’ म्हणाली तर ‘नंतर बघतो’ नको, तिच्यासमोरच टाइमलाइनवरून काढा आणि तो भाग पुन्हा लावून दाखवा.