काचेवरून उतरलेली साल

दुपारी काकूंचा फोन आला. "अगं, फुलदाणीचा रंग हाताला येतोय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडे कार्यक्रम होता. हातातलं काम तसंच टाकून मी निघाले.

तीन दिवसांपूर्वीच मी त्यांना १४ फुलदाण्या रंगवून दिल्या होत्या. ९ काचेच्या, ५ भाजलेल्या मातीच्या. सगळ्यांना एकच पोत हवा होता, जुन्या मातीच्या भांड्यासारखा खरखरीत. त्यासाठी मी ॲक्रिलिक रंगात खाण्याचा सोडा मिसळते. चार चमचे रंगाला साधारण एक चमचा सोडा. रंग लेपासारखा दाट होतो. मग ब्रश ओढायचा नाही, थोपटायचा. पहिला हात वाळला की दुसरा आडव्या दिशेने. चकचकीत काच बघता बघता मातीची दिसायला लागते, आणि हे काम मला फार आवडतं.

तिथे पोचले तर काचेच्या नऊही फुलदाण्यांना घाम फुटलेला. फुलं टवटवीत राहावीत म्हणून काकूंनी त्यांत बर्फाचं पाणी भरलं होतं. हवेतलं बाष्प गार काचेवर जमलं आणि रंगात मुरलं. एका फुलदाणीच्या काठाशी मी नख लावलं, तर तळहाताएवढा पापुद्रा अलगद सुटून आला. बाहेरून ब्रशच्या थापांनी भरलेला, खडबडीत. उलटा करून पाहिला, तर आतली बाजू काचेसारखीच गुळगुळीत, चकचकीत. रंगाने काच कुठेही धरली नव्हती. तो नुसता तिच्याभोवती गुंडाळून बसला होता.

मातीच्या पाचांत सुक्या काड्या होत्या. त्यातल्या एकीवर मी ओलं फडकं दहा मिनिटं दाबून ठेवलं. फडक्याला थोडी रंगाची भुकटी लागली, पण थर हलला नाही. मातीला छिद्रं असतात, रंग त्यांत शिरून बसतो. काचेला छिद्रंच नाहीत.

म्हणजे चूक माझी होती, आणि ती मी काकूंना तिथेच सांगितली. काच मी साबणाने धुतली होती, पण स्पिरिटने पुसली नव्हती, प्रायमरही, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला थर, दिला नव्हता. ॲक्रिलिक तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण जाड थर आतून पक्का व्हायला दोन-तीन आठवडेही लागतात. मी तीन दिवसांत दिला. त्यात सोडा पाण्यात विरघळणारा, एका लिटरमध्ये ९० ग्रॅमच्याही वर. ओल लागणार असेल तर संगमरवराची पूड बरी. पोत जवळपास तसाच येतो आणि ती पाण्यात विरघळत नाही.

नऊही फुलदाण्या घरी आणल्या आणि कोमट पाण्यात बुडवून ठेवल्या. रंग सालीसारखा निघाला. वॉटर पेपर, २२० नंबरचा, ओला करूनच घासला, म्हणजे काचेची धूळ उडत नाही. चमक मरेपर्यंत घासलं. मग स्पिरिट. त्यानंतर उघड्या बोटांनी काचेला हात लावायचा नाही, बोटांचं तेलही रंगाला पकडू देत नाही. मी स्वच्छ सुती हातमोजे घातले. रात्री काचेवर चालणारा प्रायमर दिला. पहाटे पूड घातलेल्या रंगाचा पहिला पातळ हात, तो वाळल्यावर दुसरा. घाई होती तरी हेअर ड्रायर लावला नाही. वरचा थर आधी आवळतो आणि आतला ओला राहतो. वरून वार्निशही मारलं नाही, कच्च्या रंगावर ते मारलं की ओल आतच कोंडते.

प्रश्न पाण्याचा उरला. रंग एका दिवसात पक्का होणार नव्हता, तेव्हा तो ओला होणार नाही हेच बघायचं होतं. प्रत्येक फुलदाणीत मी एक बारीक तोंडाची बाटली उभी केली आणि पाणी फक्त त्या बाटलीत ओतलं, तेही साधं, गार नाही. बाटली आणि काच यांच्यात हवा राहिली.

संध्याकाळी काकूंकडे मीच पाणी भरलं, फुलं लावली. तासाभराने परत येऊन पहिल्या फुलदाणीच्या तळाशी तळहात टेकवला. कोरडा. मग दुसरीच्या.