आधी तुटलेली तार दाखवा : आमची वाटचाल

नाशिकमध्ये शालिमारजवळ बाबांचं खेळाच्या साहित्याचं दुकान होतं. मेरठ आणि जालंधरहून येणाऱ्या बॅट-स्टंप, कॅरमचे बोर्ड, शाळांच्या स्पर्धांसाठी ट्रॉफ्या असा सगळा माल. मागच्या बाजूला एका टेबलावर दादा बॅडमिंटनच्या रॅकेटचं गटिंग करायचा, म्हणजे रॅकेटमध्ये तारा विणून ताणून बसवायचा. गिऱ्हाईक सकाळी रॅकेट टाकून जायचं, संध्याकाळी घेऊन जायचं. आज ट्रॉफ्या आणि कॅरम बोर्ड आम्ही ठेवत नाही. दुकान चालतं ते गटिंगवर, आणि त्यातही आमची ओळख झाली ती टेनिसच्या हायब्रिड, म्हणजे एकाच रॅकेटला दोन जातींच्या तारा लावायच्या गटिंगमुळे. ते कसं झालं हे इथे सविस्तर लिहितो, कारण नवीन येणारे खेळाडू आणि पालक आम्हाला पहिला प्रश्न हाच विचारतात.

टेनिसची रॅकेट सुरुवातीला आमच्याकडे क्वचितच यायची. नाशिकमध्ये टेनिस खेळणारे होते, पण ते गटिंगसाठी रॅकेट मुंबईला किंवा पुण्याला पाठवायचे. त्यांचंही बरोबर होतं. बॅडमिंटनची तार 0.70 मिलिमीटरच्या आतबाहेर आणि ताण पंचवीसेक पाउंड; टेनिसची तार 1.20 ते 1.35 मिलिमीटर आणि ताण त्याच्या दुप्पट. फ्रेम धरणारे आधार मजबूत लागतात, ताणलेली तार पकडून ठेवणारे चिमटे म्हणजे क्लॅम्प वेगळे लागतात. दादाच्या वजन टाकून ताण देणाऱ्या यंत्रावर ते काम होत नव्हतं, म्हणून आम्ही ते घेतही नव्हतो.

मी तेव्हा अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरीला होतो. तुटलेला पार्ट हातात आला की आधी तो कुठे आणि कसा तुटला ते बघायचं, मग मटेरियलबद्दल बोलायचं, ही शिस्त मला तिथे लागली. नोकरी सोडून दादाबरोबर दुकानात आलो तेव्हा भांडवल म्हणून थोडी बचत होती आणि ही सवय होती. आम्ही कर्ज काढून इलेक्ट्रॉनिक यंत्र घेतलं. तार ओढली की ते ताण सतत धरून ठेवतं. तार थोडी लांबली तर पुन्हा ओढून ठरलेल्या आकड्यावर आणतं. हाताने हँडल फिरवायच्या यंत्रात ताण आला की लॉक बसतं आणि क्लॅम्प लागेपर्यंत तार सैलावत राहते. त्यामुळे दोन्हीकडे 50 पाउंड लावले तरी हातात येणारी रॅकेट वेगळी लागते. हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगतो.

आमच्याकडे येणाऱ्या टेनिसवाल्यांची पहिली तक्रार ठरलेली होती : तार टिकत नाही. कोचिंगला जाणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलं चेंडूला इतका टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) देतात की साधं सिंथेटिक गट, म्हणजे नायलॉनची तार, आठवड्या-दोन आठवड्यांत तुटतं. पालक म्हणायचे, "काहीतरी न तुटणारं लावून द्या हो." त्यावर बाजारात एकच उत्तर मिळायचं, ते म्हणजे पूर्ण रॅकेटभर पॉलिएस्टर, थोडक्यात पॉली.

पॉलीची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. 1997 मध्ये ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन जागतिक क्रमवारीत 66 वा असताना फ्रेंच ओपन जिंकला. त्याच्या रॅकेटला बेल्जियमच्या लक्सिलॉन कंपनीची पॉली होती. तोपर्यंत वरच्या दर्जाचे खेळाडू प्रामुख्याने नॅचरल गट, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून बनलेली तार, वापरायचे. फ्रान्समधल्या लिओं शहरातली बाबोला कंपनी तर 1875 पासून ते बनवते. कुएर्तेननंतर काही वर्षांत पॉली सगळीकडे पसरली. ही तार घट्ट, निसरडी असते. चेंडू लागला की उभ्या तारा बाजूला सरकतात आणि झटकन जागेवर परत येतात, त्यातून स्पिन वाढतो. शिवाय लवकर तुटत नाही. पण तिचा ताण फार लवकर उतरतो. दहा-पंधरा तासांच्या खेळानंतर तिच्यातला जिवंतपणा जातो, चेंडू नीट ताब्यात राहत नाही आणि प्रत्येक फटक्याचा हादरा मनगट आणि कोपराकडे जातो. तुटत नाही म्हणून खेळाडू तीच वापरत राहतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाताला सहा महिने मेलेल्या पॉलीने खेळायला लावणं मला अजिबात पटत नाही, आणि असं करणाऱ्या पालकांना मी स्पष्ट सांगतो.

म्हणून आम्ही ठरवलं की तुटलेली तार बघितल्याशिवाय नवी सुचवायची नाही. काउंटरवर भिंग ठेवलं. सिंथेटिक गट तुटलेली रॅकेट घ्या आणि मधल्या भागातली उभी तार बघा. जिथे जिथे ती आडव्या तारेला ओलांडते, तिथे तिथे एक खाच पडलेली दिसते. काही खाचा जेमतेम दिसतात, काही अर्ध्या जाडीपर्यंत गेलेल्या असतात, आणि सगळ्यात खोल खाच होती तिथेच तार सुटलेली असते. उभी तार प्रत्येक फटक्याला आडवीवर घासते. त्यात कोर्टावरची बारीक रेती चेंडूच्या लोकरीतून तारांमध्ये येते आणि घासणं वाढवते. नाशिकमध्ये बरीचशी कोर्टं सिमेंटची किंवा हार्ड आहेत, त्यामुळे उन्हाळ्यात धुळीचे चेंडू इथे तारांना लवकर खातात.

अशी खाच पडून मधोमध तुटत असेल तरच तुम्हाला टिकाऊ हायब्रिड लागतं. बाकीच्या तुटण्याला दुसरी उत्तरं आहेत. फ्रेमजवळ तुटली असेल तर फटका टोकावर बसलेला असतो. तिथे कितीही महाग तार लावा, ती जाणारच. ग्रोमेटच्या, म्हणजे फ्रेमच्या भोकातल्या प्लास्टिक नळीच्या, तोंडाशी वारंवार तुटत असेल तर प्लास्टिक झिजून फ्रेमची कडा उघडी पडलेली असते, ग्रोमेट पट्टी बदलायची. गाठीजवळ किंवा क्लॅम्पच्या खुणेवर तुटली असेल तर दोष गटिंग करणाऱ्याचा. आणि रात्री बॅगेत ठेवलेली रॅकेट सकाळी तुटलेली निघाली, तर ती उन्हात गाडीच्या डिकीत राहिली होती का, हे मी विचारतो.

आता मुख्य मुद्दा, कुठल्या तारा जोडायच्या. हायब्रिड म्हणजे उभ्या एका जातीच्या आणि आडव्या दुसऱ्या. रॅकेट कशी लागते हे बहुतेक उभ्या तारा ठरवतात, आणि तुटतातही जास्त त्याच. तेव्हा टिकण्यासाठी पॉली उभी आणि हाताला आराम म्हणून सिंथेटिक गट किंवा मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची तार) आडवी, ही मूळ जोडी. पण पॉली कुठली हे महत्त्वाचं. षटकोनी किंवा खडबडीत पॉलीने स्पिन वाढतो असं सांगून ती विकली जाते. वाढतही असेल. पण आडवं मऊ सिंथेटिक तिच्या कडांवर करवतीखाली आल्यासारखं कापलं जातं. मग उभी पॉली ठणठणीत आणि आडवी तुटलेली, अशी रॅकेट परत येते. म्हणून ज्याला टिकाऊपणा हवा त्याला आम्ही गोल, गुळगुळीत पॉली 1.25 मिलिमीटरची उभी देतो आणि आडवं सिंथेटिक थोडं जाड, 1.30 चं. ताण उभ्यांना साधारण 50 पाउंड, आडव्यांना 52. पॉली कडक असल्यामुळे तिला कमी ताण पुरतो. पूर्वी नायलॉनला 57-58 पाउंड लावून घेणारे जुने खेळाडू आकडा ऐकून बिचकतात. खेळून बघा म्हणतो, नाही आवडलं तर पुढच्या वेळी दोन पाउंड वाढवू.

कोपर दुखणाऱ्यांसाठी जोडी उलटी करायची. मऊ तार उभी, गोल पॉली आडवी. रॉजर फेडरर वर्षानुवर्षं असंच खेळला, उभ्या नॅचरल गट आणि आडव्या लक्सिलॉन. आडवी निसरडी असली की उभी तिच्यावर अडकत नाही, सहज सरकते, त्यामुळे खाचही सावकाश पडते. नॅचरल गटसारखा आराम आणि ताण टिकवण्याची ताकद दुसऱ्या कशात नाही, हे खरं आहे. पण ते गाईच्या आतड्याच्या पापुद्र्यापासून बनतं, आणि ही गोष्ट आम्ही गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी सांगतो. आमच्याकडे येणाऱ्यांत जैन कुटुंबं पुष्कळ आहेत, इतरही अनेकांना ते चालत नाही. त्यांना उभी मल्टिफिलामेंट देतो. शेकडो बारीक धाग्यांची ती तार हाताला छान लागते, फक्त टिकायला थोडी कमी. शिवाय नॅचरल गटला ओल सोसत नाही, त्यामुळे जूनपासून पुढचे तीन-चार महिने नाशिकमध्ये ते लावून घेऊ नका असंच आमचं सांगणं असतं.

पॅटर्नही बघावा लागतो. 16 उभ्या, 19 आडव्या असलेल्या रॅकेटमध्ये घरं मोठी, तारा जास्त सरकतात, जास्त तुटतात. 18 बाय 20 च्या दाट जाळीत तीच तार जास्त दिवस जाते. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना आम्ही पॉली लावतच नाही, हायब्रिडमध्येही नाही. त्यांच्या हातून तार तुटत नाही, मग टिकाऊपणा कशासाठी विकत घ्यायचा? सकाळी डबल्स खेळणाऱ्या निवृत्त मंडळींनाही बहुतेक वेळा साधं सिंथेटिक गटच पुरतं. आठवड्यातून जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षातून गटिंग बदला, हा जुना हिशेब त्यांना सांगतो.

हायब्रिड नाशिकच्या खिशाला परवडू लागलं ते रिळांमुळे. तारेचं एक पाकीट साधारण 12 मीटरचं, एका रॅकेटपुरतं असतं. दोन वेगळी पाकिटं फोडायची, दोन्हीतला अर्धा अर्धा भाग वापरायचा आणि उरलेल्या तुकड्यांचं काय, हा प्रश्न असायचा. आम्ही 200 मीटरची रिळं घ्यायला लागलो. पॉलीच्या रिळातून सहा मीटर, सिंथेटिकच्या रिळातून सहा मीटर, वाया काही नाही. गिऱ्हाइकाला महागड्या पाकिटाची सक्ती नाही.

रिळांच्या धंद्यात फसवणूकही होते. एका पुरवठादाराकडून आलेल्या रिळाचं लेबल ओळखीचं होतं, रंग तोच होता. पण यंत्रावर ओढताना दादाच्या लक्षात आलं की ताण देणारं डोकं नेहमीपेक्षा बरंच मागे जातंय. इतकी ताणली जाणारी तार त्या जातीची असूच शकत नाही. ते सगळं रीळ आम्ही बाजूला काढलं, आधी लावलेल्या रॅकेट परत बोलावून बिनपैशाने बदलून दिल्या. पुरवठादाराने पैसे दिले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक नव्या रिळाचा तुकडा आधी यंत्रावर ओढून त्याची लांबी वहीत लिहितो.

वही हा आमच्या दुकानाचा खरा ऐवज आहे. रॅकेट कुठली, पॅटर्न कुठला, उभी-आडवी तार, जाडी, ताण, तारीख, आणि मागची तार कुठे तुटली होती. फ्रेमच्या गळ्यावर हीच माहिती छोट्या स्टिकरवर लावून देतो. 2020 च्या लॉकडाउननंतर ही वही फार उपयोगी पडली. कोर्टं उघडली आणि महिनोन्‌महिने कपाटात पडलेल्या रॅकेट घेऊन लोक थेट खेळायला गेले. तार अखंड, म्हणजे चांगली, असं त्यांना वाटलं. न खेळताही ताण उतरतो, पॉलीचा तर खूपच. कोपराच्या तक्रारी घेऊन माणसं यायला लागली तेव्हा आम्ही वही काढून जुन्या गिऱ्हाइकांना एकेकाला फोन केले : खेळायच्या आधी गटिंग बदला, आमच्याकडे नाही तर कुठेही बदला.

आता वहिनी टेनिसचं बहुतेक काम सांभाळतात. हायब्रिडला दोन तुकडे आणि चार गाठी असतात. त्यांची गाठ इतकी स्वच्छ आणि घट्ट बसते की काही खेळाडू "वहिनींनीच करायचं" म्हणून सांगून जातात. आडव्या तारा विणताना पॉलीवरून मऊ तार जोरात ओढली तर ती घासून तिथल्या तिथे भाजल्यासारखी होते. म्हणून त्या ती हलकी कमान धरून, सावकाश ओढतात. हे शिकायला वेळ लागतो आणि सध्या दोन मुली त्यांच्याकडे शिकताहेत. मालेगाव, धुळे, जळगावकडून एसटीच्या पार्सलने रॅकेट येतात, निफाड-पिंपळगावकडचे बागाईतदार स्वतः घेऊन येतात.

पाठवणाऱ्यांना एक विनंती. तार तुटली की आधी तुटलेल्या जागेचा मोबाइलवर जवळून फोटो काढा. मग उरलेल्या तारा मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, एक उभी एक आडवी अशा कापून टाका. अर्धवट तुटलेल्या तारा तशाच ठेवल्या तर फ्रेमवर एका बाजूने ताण राहतो आणि फ्रेम बिघडते. कापलेले तुकडे मात्र फेकू नका, पिशवीत घालून रॅकेटसोबत पाठवा. पाऊस संपून कोर्टं सुकली की ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे एकदम गर्दी होते, तेव्हा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रॅकेट पोहोचली तर दुसऱ्या दिवशी तयार मिळते.