लोणारला दोन कॅमेरे घेऊन

सरोवर तर बघायचंच होतं, पण यावेळी लोणारला जायचं खरं कारण म्हणजे कॅमेरे, माझ्याकडे कॅनन १५००डी आणि आतेभावाकडे निकॉन डी३५००, दोन्ही २०१८ साली आलेले, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोन्हींवर १८-५५ एमएमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळते ती. दुकानात गेलं की लोक आधी मेगापिक्सेलच विचारतात, आणि तिथंच तर या दोघांत काहीच फरक नाही!

मेहकरवरून एसटीनं पोचलो. काठावर उभं राहिलं की अख्खं विवर एका फ्रेममध्ये मावत नाही, व्यास पावणेदोन किलोमीटरच्या वर आहे आणि सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान असल्यामुळं १८ एमएम म्हणजे फुल फ्रेमच्या हिशोबानं २७-२९ एमएम, तेवढं कमी रुंद दिसतं. मग सगळ्या फोटोंत उजेड सारखा यावा म्हणून एक्सपोजर मॅन्युअलवर ठेवून उभे फोटो काढले, नंतर जोडायला. इथं ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरची, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीची, किंमत कळते, भर उन्हात मोबाईलच्या स्क्रीनवर काही दिसत नाही अन् यातून सगळं स्वच्छ दिसतं. फक्त तो ९५ टक्केच दाखवतो, म्हणून कडेची एखादी फांदी फोटोत हमखास घुसते.

खरी परीक्षा दैत्यसूदन मंदिरात झाली. आत अंधार. वर छतावर कोरलेल्या आकृत्या, दारातून तिरपा उजेड येतो तेवढाच. फ्लॅश उघडला की दगड सपाट दिसतो, कोरीव कामाची सावलीच मरते, म्हणून फ्लॅश बंद, लेन्स १८ वर, एफ ३.५ (लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं), खांबाला पाठ टेकवून १/१५ सेकंद. आयएसओ (कमी उजेडात वाढवायची संवेदनशीलता) १६०० पर्यंत मूर्तींची बोटं, दागिने मोजता येतील इतके स्पष्ट, ६४०० ला दाणे दिसायला लागतात, या बजेटमध्ये ते चालायचंच. रॉमध्ये (जेपेगऐवजी सेन्सरचा कच्चा डेटा ठेवणारी फाईल) काढलं तर सावलीतलं बरंच काही परत मिळतं हे मात्र मी आवर्जून सांगेन.

खाली जंगलात उतरताना गुरं घेऊन आलेले एक काका हळूच म्हणाले, "भाऊ, आवाज नोका करू, तो पाहा मोर". निकॉन सेकंदाला ५ फोटो काढतो, कॅनन ३, पण ५५ एमएमला मोर इवलासाच येतो, तिथं वेग काय कामाचा. फोकसचं म्हणाल तर कॅननला ९ आणि निकॉनला ११ पॉइंट, झाडोऱ्यात दोघांचाही मधलाच पॉइंट भरवशाचा.

बॅटरीत मात्र निकॉन खूप पुढं, कंपनीच्या आकड्यांनुसार एका चार्जवर १५५० फोटो, कॅननचे ५००. गावाकडं लोडशेडिंग असतं तिथं ही फार मोठी गोष्ट आहे. कॅननला वायफाय आहे, फोटो मोबाईलवर पटकन जातात, निकॉनला नुसतं ब्लूटूथ.

माझं मत विचाराल तर यातली कुठलीही बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) सेकंडहँड घ्या आणि वाचलेल्या पैशात ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी झूम लेन्स बघा, निकॉनसाठी घेताना फोकसची मोटर लेन्समध्येच आहे ना ते तपासा, कारण डी३५०० च्या बॉडीत ती नाही.