आमच्या शाळेनं निफाडची थंडी मोजली

मी निफाड तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दोन शिक्षकांची शाळा, पहिली-दुसरी सरांकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. २०२४ च्या दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत आम्ही वर्गात फक्त थंडी या एकाच गोष्टीच्या मागे लागलो होतो, ते सगळं कसं झालं ते लिहून ठेवावंसं वाटलं म्हणून लिहितेय.

निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला पेपरातून माहीत असते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा रोज छापून येतो. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहापर्यंत उतरला की बातमी होते. पण त्या बातमीच्या दिवशी आमच्या वर्गात काय असतं तर शहाबादी फरशी, तिच्यावर सतरंजी, सतरंजीवर घरून आणलेलं पोतं आणि पोत्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली पोरं. अर्ध्यांच्या अंगात स्वेटर नाही. गाल उललेले, हाताला भेगा. अक्षर असं काढतात की ओळखू येऊ नये. आधीची कित्येक वर्षं मी या दिवसांत अक्षरावरून रागावले आहे, आणि मग एका सकाळी खडू धरताना माझीच बोटं वळेनात तेव्हा कळलं की अरे हे अक्षर नाहीये, ही थंडी आहे.

म्हणून पहिला बदल हाच केला की परिपाठ झाला की पहिला तास बाहेर, पूर्वेच्या भिंतीला, उन्हात. पाठ भिंतीला, पाय उन्हात. लिहायचं काही नाही, नुसतं बोलायचं, मोजायचं, पाढे म्हणायचे, लेझीम. लिखाण दुपारी. एवढ्यानंच गैरहजेरी कमी झाली असं मला वाटतं, निदान उशिरा येणारी पोरं तरी वेळेवर यायला लागली, कारण उन्हातली जागा धरायची असायची.

तिथंच बसल्या बसल्या सुरुवात झाली. तिसरीतल्या एकानं दप्तरातनं खोबरेल तेलाची बाटली काढली, आईनं दिलेली, ओठांना लावायला. बाटली उलटी केली तर तेल पडेना. पांढरं घट्ट. तो म्हणाला, "बाई, तेल मेलं." मी दुसऱ्या दिवशी तीन छोट्या बाटल्या आणल्या, खोबरेल, शेंगदाणा आणि तीळ, आणि खिडकीत ओळीनं ठेवल्या. शेजारी विज्ञानपेटीतला लाल अल्कोहोलवाला थर्मामीटर. रोज आल्या आल्या कुणीतरी बघायचं आणि भिंतीवरच्या चार्टवर लिहायचं. आठवडाभरात पोरांनीच सांगितलं की आकडा बावीस-तेवीसच्या खाली असला की खोबरेल गोठतं आणि पंचविसाच्या वर गेला की वितळतं, बाकीची दोन मात्र तशीच पातळ. गोठताना तळापासून पांढरे ढग कसे वर चढतात ते बघायला तिघं-चौघं खिडकीला नाक लावून उभी असायची, मी घंटा झाली तरी हाकलायची नाही.

आता थर्मामीटरचं. पोरांना तो हातात धरायला शिकवणं हाच एक मोठा कार्यक्रम झाला. एकीनं घरून तापाचा डिजिटल थर्मामीटर आणला, खिडकीत ठेवला, त्यावर नुसतं 'लो' आलं. तिला वाटलं बिघडला, रडवेली झाली. मग तो काखेत धरून बघितला तर व्यवस्थित छत्तीस अंश. म्हणजे तो माणसाच्या अंगासाठीच केलेला, त्याचे आकडेच बत्तीस-पस्तिसाच्या आसपास सुरू होतात, त्याच्या दृष्टीनं आमची खिडकी मोजण्याइतकी गरमच नाही. हे पोरांना फार आवडलं, ती सारखी म्हणायची, आपण अजून लो नाही झालो.

गोधडीचा प्रयोग मात्र सगळ्यांनी चुकवला. मी विचारलं, गोधडी गरम असते का? सगळे एका सुरात हो. थर्मामीटर गोधडीत गुंडाळून वर्गात ठेवला आणि तासाभरानं काढला. बाहेर एकोणीस, गोधडीतही एकोणीस. कुणाला पटेना. परत गुंडाळला, परत एकोणीस. एकजण म्हणाला, आत माणूस नाही ना बाई. बस, हेच उत्तर होतं आणि ते मी सांगितलेलं नव्हतं. मग पोषण आहाराच्या ताईंकडून गरम पाणी घेऊन दोन बाटल्या भरल्या, एक उघडी ठेवली, एक गोधडीत. मधल्या सुट्टीनंतर उघडी गार झालेली आणि दुसरी अजून हात शेकण्याइतकी.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. पेपरात सहा अंश आणि आमच्या चार्टवर साडेदहाला एकोणीस. पोरं म्हणाली पेपर खोटं छापतो. मी समजावलं की सगळ्यात गार वेळ सूर्य उगवायच्या सुमाराला असते, रात्रभर जमीन गार होत जाते, आपण येतो तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं असतं. समजावून काय होणार, मोजायला पाहिजे. म्हणून थर्मामीटर पाळीपाळीनं घरी द्यायचं ठरवलं, सकाळी उजाडताना बघायचं, कागदावर लिहायचं, शाळेत आणायचा. सर म्हणाले, फुटेल. मी म्हटलं, फुटला तर फुटू दे, दीडशे रुपयांचा आहे.

आमच्याकडं ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षबागांची कामं चालू होतात, तेव्हा पेठ-सुरगाण्याकडनं मजूर कुटुंबं येतात आणि बागेतच शेडवर राहतात, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, मग काढणी. त्यांची पोरं वर्षाच्या मधेच आमच्या पटावर येतात. त्यातली एक चौथीत होती. घरी कोकणी बोलायची, म्हणजे कोकणातली नाही, त्या आदिवासी भागातली, आणि वर्गात दीड महिना जवळजवळ गप्पच. तिचा नंबर आला तेव्हा थर्मामीटर तिनं दोन्ही हातांनी घेतला. आणि मग ती दोन दिवस आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेले. शेडच्या दारात तिची आई भाकरी करत होती, मला बघून उठलीच, "बाई, पोरीकडनं फुटला, आम्ही भरून देऊ." पोरगी मागं उभी. मला इतकं वाईट वाटलं की दीडशे रुपयांच्या काचेपायी एक लेकरू दोन दिवस शाळेला घाबरलं. म्हटलं, भरायचं काही नाही ताई, वस्तू आहे, फुटते, तिला पाठवा फक्त. तेवढ्यात ती आत गेली आणि खताच्या पिशवीचा कागद घेऊन आली. त्यावर फुटायच्या आधीच्या पहाटेचे आकडे लिहिलेले. एक नाही, दोन रांगा. वरची रांग आठ, सात, सात. खालची सहा, पाच, पाच. विचारलं हे काय? तर म्हणाली, "वर तारेला बांधला आन खाली भुईवर ठेवला. खाली जास्त गार."

मी तिला फक्त एक आकडा आणायला सांगितला होता. ती त्या रात्री बापाबरोबर बागेत होती, थंडी फार पडली की मण्यांना तडे जातात म्हणून बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, पहाटे पाणी सोडतात, आणि पोरं तिथंच शेकोटीपाशी बसलेली असतात. तिनं पहाटे तीन वेळा दोन्ही जागी थर्मामीटर धरून बघितला होता. गार हवा जड, ती खाली बसते, म्हणून खोलगट रानातल्या बागेला थंडीचा फटका आधी बसतो, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, पण आमच्या चार्टवर ते पहिल्यांदा तिच्या हातानं आलं. दुसऱ्या दिवशी मी तिला फळ्यापाशी उभी केली आणि तिनं बोट ठेवून दोन्ही रांगा वाचून दाखवल्या. त्यानंतर ती बोलायला लागली. किती बोलायला लागली म्हणजे मला गप्प बस म्हणावं लागलं.

नवा थर्मामीटर एका पालकानंच आणून दिला. बागायतदार आहेत, म्हणाले, "मॅडम, आमच्या कामाचीच गोष्ट शिकवताय."

आता सावलीबद्दल. मैदानात एक मीटरची काठी उभी रोवली होती, नोव्हेंबरपासून, आणि दुपारची सगळ्यात आखूड सावली मोजायचो. २५ नोव्हेंबरला सत्त्याऐंशी सेंटीमीटर आली. २१ डिसेंबर, वर्षातला सगळ्यात लहान दिवस, नेमका शनिवारी आला. सकाळची शाळा, पण पोरं थांबली, डबे घेऊनच आली होती. दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खिळा ठोकायचा. बाराला सत्त्याण्णव. मी सांगून बसले होते की बाराला सगळ्यात आखूड असते. पण ती कमीच होत राहिली आणि साडेबाराला पंच्याण्णववर येऊन थांबली, मग परत वाढायला लागली, एक वाजता परत सत्त्याण्णव. सगळी माझ्याकडं बघायला लागली. मला त्या क्षणी उत्तर येत नव्हतं आणि मी तसं सांगितलं, सोमवारी सांगते म्हटलं. घरी नकाशा काढून बसले तेव्हा लक्षात आलं की आपल्या घड्याळाची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या जवळून जाणाऱ्या रेषेची, आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, चौऱ्याहत्तरच्या आसपास. एका रेखांशाला चार मिनिटं धरली की साडेआठ रेखांशाला जवळजवळ चौतीस मिनिटं. सोमवारी दोऱ्यानं पृथ्वीगोलावर ते दाखवलं तेव्हा चौथीतल्या एकानं विचारलं, मग आपली मधली सुट्टी खरी किती वाजता होते? त्या प्रश्नावर अर्धा तास गेला आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही.

भोगीला, १३ जानेवारीला, शाळेतच भाजी केली. ज्याच्या रानात जे असेल ते, कुणी हरभऱ्याचे घाटे, कुणी वालपापडी, वांगी, गाजरं, बोरं, उसाचे करवे. आज्ज्या दोन आल्या होत्या मदतीला, त्यांनी तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापल्या. पोरांनी भाज्या निवडताना शेंगेतले दाणे मोजले, त्याचा गणिताच्या तासाला आलेख केला. तीळ कागदावर ठेवून वाटीच्या बुडानं चिरडले की तेलाचा आरपार डाग पडतो, गुळाचा तसा पडत नाही, तो नुसता चिकटतो. तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं, म्हणून थंडीत अंगाला भरपूर ताकद मिळते. एका मुलीनं विचारलं, तिळाचं तेल गोठत नाही म्हणून तीळ गरम का? मी म्हटलं, नाही गं, त्याचा याच्याशी संबंध नाही, पण तू दोन गोष्टी जोडून बघितल्यास ते फार छान केलंस.

संक्रांतीला सावली अठ्ठ्याऐंशीवर आलेली होती. आज्जी म्हणाल्या, आजपासून दिवस तिळातिळानं वाढतो. पोरांनी ताडकन सांगितलं, आजपासून नाही, २२ डिसेंबरपासूनच वाढतोय, आमच्या काठीनं दाखवलं. आज्जी हसल्या. पण मग भिंतीवरचं कॅलेंडर बघून एकानं गोंधळ केला, "बाई, दिवस मोठा होतोय म्हणता, मग सूर्य अजून उशिरा का उगवतोय?" आणि खरंच, २१ डिसेंबरपेक्षा १४ जानेवारीला सूर्योदय सात-आठ मिनिटं उशिराचा. सूर्यास्त मात्र तेरा-चौदा मिनिटं उशिरा. वजाबाकी करायला लावली, दिवस सहा-सात मिनिटांनी वाढलेला निघाला. उगवती मागं सरकते पण मावळती त्याहून जास्त मागं सरकते, हे त्यांना वजाबाकीतनं कळलं. तसं का होतं ते चौथीला सांगण्यासारखं सोपं नाही, ते मी पुढच्या इयत्तांवर सोडलं.

नांदूर मध्यमेश्वरची सहल ठरवली होती, रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेली राज्यातली पहिली जागा आपल्याच तालुक्यात आहे आणि आमच्या निम्म्या पोरांनी ती बघितलेली नाही. पण गाडीचं जमलं नाही. मग शाळेच्याच मैदानात शेपटी खालीवर करत धावणारा धोबी पक्षी बघत बसलो, तोही हिवाळ्यापुरता येणारा पाहुणाच. मार्चमध्ये तो दिसेनासा झाला ती तारीख पोरांनी लिहून ठेवली आहे.

सुरगाण्याची ती मुलगी होळीच्या आधी गेली, शिमगा त्यांच्याकडं मोठा असतो, कुणी थांबत नाही. जाताना तिला मी कागदाची मीटरपट्टी दिली. २१ मार्चला आमची सावली छत्तीस सेंटीमीटर आली, पोरांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, तीनदा मोजली. तिच्या बापाचा नंबर होता सरांकडं, त्यावर फोन लावला आणि पोरांनी स्पीकरवर ओरडून सांगितलं, छत्तीस! पलीकडनं तिनं विचारलं, "खिळे काढले का?"

काढले नव्हते. अजून तिथंच आहेत.